पूर्वेच्या सोंडेवरून उतरण्याबद्दल

४ ऑक्टोबर

दादास,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच मान्य करून घे. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि शेवटी वहिनीला दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं.

काम असं आहे. आमच्या शिवणखोलीतली काजवाली या महिन्याच्या शेवटी काम सोडते आहे. मुलीकडे राहायला जाणार, लांब, समुद्राकाठच्या गावी. एकतीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून काजं करते आहे. त्या खिडकीतून डोंगराची ती लांबच लांब धार दिसते, तू पाहिली आहेस. सुईचं भोक उजेडाकडे धरलं की त्याच्या पलीकडे धारेचा माथा, असं दिवसातून शंभर वेळा. परवा तिला विचारलं, बाई, निरोपाला काय देऊ? मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ मागेल. ती म्हणाली, मला एकदा तिथे वर जाऊन आपली खिडकी बघायची आहे.

तर आम्ही सातजणी जाणार आहोत. सव्वीस तारीख, रविवार. अडीच तासांचा चढ आहे म्हणतात, म्हणजे आमचे चार. काजवालीचा डावा गुडघा चढताना गप्प असतो आणि उतरताना बोंब मारतो, म्हणून उतरायला सोपी बाजू शोधायची आहे. त्यासाठी तू काढलेली त्या डोंगराची शीट हवी. दुकानात चौकशी केली, नवीन छापलेलीच नाही म्हणतात. जन्मभर सरकारी टेबलावर वाकून नकाशे काढलेस, एखादा तरी घरच्यांच्या उपयोगी पडू दे.

भिंगरी

७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच. तू ते कधी मागत नाहीस, हा भाग निराळा.

तुझं पत्र मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती कौतुकाने ऐकत होती, मी हसत होतो. तुम्हा सातजणींची पलटण डोळ्यांसमोर आणून बघ. तुझी ती कटर दुकानाचा जिना चढताना दोनदा थांबते. इस्त्रीवालीला उन्हात चक्कर येते, आणि जन्म गेला वाफेत. उरलेल्या तिघी तोंडाने कितीही चालू शकतील, पायांचं सांगवत नाही. तुमची आजवरची मोठ्यात मोठी मोहीम म्हणजे दोऱ्याचं दुकान, आणि तिथूनही तुम्ही चुकीचा निळा घेऊन आलात. पी हळद आणि हो गोरी, असं डोंगराचं नसतं.

शीट माझ्याकडे एकच आहे आणि ती बैठकीच्या खोलीत काचेत लावलेली आहे. ती मिळणार नाही. ऑफिसात नवीन पोरं भरती झाली की अजूनही त्या शीटवरून त्यांना अक्षर कसं असावं ते दाखवतात. घामट हातांनी घड्या घालायला आणि डब्याखाली अंथरायला ती काढलेली नाही. शिवाय नकाशा म्हणजे फ्रॉकचा कागदी नमुना नव्हे, की ठेवला कापडावर आणि चालवली कात्री. तो वाचता यावा लागतो. आमच्या खात्यातल्या साहेबांनासुद्धा येत नसे.

काजवालीला खिडकी बघायची असेल तर रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभी करा. छान दिसते. मग बागेत बसा, बिस्किटं खा आणि दिवेलागणीच्या आत घरी या.

दादा

११ ऑक्टोबर

दादास,

नमस्कार, एक हात कमरेवर ठेवून.

तुझी काच तुला लखलाभ. वाचनालयातल्या बाईने जुन्या कपाटातून तुझी शीट शोधून काढली आणि तिची प्रत करून दिली. खालच्या कोपऱ्यात तुझी दोन अक्षरी सही आहे, भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. इतका नम्र तू घरात कधी नव्हतास.

आम्ही कापायच्या टेबलावर ती पसरली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं: या बारीक वळणदार रेषा म्हणजे उंची. एकेक रेष म्हणजे पाच मीटर. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, ऐसपैस असल्या की निवांत. मी सात वर्षांची असताना तूच मला वाळूचा ढीग करून हे शिकवलं होतंस. तेव्हा तू चांगला होतास.

तर बेत ठरला. वर जायचं खिंडीच्या वाटेने, सगळे जातात तशी. तिथे रेषा अशा चिकटल्या आहेत की कटर म्हणाली, ही तर चुण्यांची शिलाई झाली. ती वाट काही उतरायची नाही. उतरायचं पूर्वेच्या सोंडेवरून. माथ्यापासून थोडं खाली तिथे एकसुद्धा रेष नाही, नुसतं डोंगराचं नाव लिहिलेलं आहे, तुझ्या त्या सुप्रसिद्ध लांबोळक्या अक्षरांत. त्याच्या खाली परत विरळ रेषा, आणि पायथ्याशी बसचा थांबा. काजवालीचा गुडघा तिथून नाचत उतरेल.

बघ, आली की नाही वाचता? शिंपिणींना.

भिंगरी

१४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

पूर्वेच्या सोंडेवरून उतरायचं नाही.

एक तर तिकडे काटेरी झुडपं आहेत, तुमच्या कपड्यांच्या चिंध्या होतील आणि शिवायला तुम्हालाच बसावं लागेल. शिवाय गांधीलमाश्या. शिवाय त्या बाजूला दुपारनंतर वारा सुटतो. वाट वापरात नाही, दगड सुटे असतात, आणि तो बसथांबा अजून आहे की नाही कोणाला ठाऊक. सात वर्षांच्या मुलीला वाळूच्या ढिगावर जे शिकवलं ते वाळूच्या ढिगापुरतं होतं. एवढ्या भांडवलावर नकाशा वाचायला बसणं म्हणजे बटण लावता आलं म्हणून कोट शिवायला घेणं.

इतकं जायचंच असेल तर खिंडीने जा आणि खिंडीनेच परत या. गुडघा दुखला तर दुखला, जन्मात एकदा दुखेल. जाणकार माणसाने सांगितलं की ऐकावं, फाटे फोडू नयेत. तुला लहानपणापासून ही खोड आहे, प्रत्येक गोष्टीत "का" विचारायचं. त्यामुळेच तुझं शिक्षण अर्धवट राहिलं.

दादा

१७ ऑक्टोबर

दादास,

आज नमस्कार नाही.

सहा कारणं दिलीस. मी मोजली. कारण खरं असलं की माणूस एकच देतो, हे मला तीस वर्षं गिऱ्हाइकांनी शिकवलं आहे. कपडा वेळेवर न्यायला न येणाऱ्याकडे नेहमी सहा कारणं असतात.

माझं शिक्षण "का" विचारल्यामुळे नाही राहिलं, तुझी परीक्षा होती म्हणून राहिलं. घरात एकाच दिव्याखाली एकालाच बसता येत होतं आणि तो तू होतास. तेव्हा तू म्हणालास, हिला काय, हिला शिवण येतं. दुकान काढलं तेव्हा म्हणालास, वर्षभरात टाळं लागेल. आता म्हणतोस, डोंगर चढवणार नाही. तुझ्या तोंडून माझ्याबद्दल एखादं बरं वाक्य निघालं तर मी ते काचेत लावीन.

आणि परवाचा तुझा फोन. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि तू चार वेळा तेच ते, पूर्वेकडून जाऊ नकोस, पूर्वेकडून जाऊ नकोस. का म्हणून विचारलं तर घसरलास माझ्या अकलेवर. मी फोन ठेवला. तुझ्या हातात अक्षर चांगलं आहे, जीभ नाही, म्हणून लिहूनच पाठव.

आता नीट वाच. काल काजवाली ती प्रत घेऊन खिडकीशी बसली होती. ती दिवसभर टाके मोजते, तिला दुसरं काही जमत नाही असं तू म्हणशील. तिने विचारलं, मालकीणबाई, या नावाच्या वरच्या रेषेवर लिहिलंय नऊशे दहा. खालच्या रेषेवर आठशे पंधरा. पाचापाचाने उतरायचं तर मध्ये अठरा रेषा पाहिजेत. त्या कुठे गेल्या?

मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल. ती म्हणाली, छापणारा एखादी खाईल, अठरा कशी खाईल?

याचं उत्तर तुला येत असेल तर दे, सरळ. नाही दिलंस तर कागदावर जे आहे ते खरं धरून आम्ही पूर्वेकडून उतरू. कागद तुझा आहे, झुडपं आणि गांधीलमाश्या नंतर सुचलेल्या आहेत. रविवारी सकाळी सहाच्या बसने निघतोय.

भिंगरी

२० ऑक्टोबर

भिंगरी,

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतो आहे. मिळाल्याची सही त्याच्याकडे दे.

अठरा रेषा मी खाल्ल्या.

तिथे सपाटी नाही. तिथे कडा आहे. पंचाण्णव मीटर, जवळजवळ सरळ. वरून उतरणाऱ्याला शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही, कारण वर गवताचा उतार आहे आणि तो पुढे गोल होऊन संपतो. हे मला मोजणीच्या वहीत लिहिलेलं होतं म्हणून माहीत आहे. मोजणीवाल्याने समासात लाल पेन्सिलीने चौकोन करून लिहिलं होतं.

आता तू विचारणारच, म्हणून का तेही सांगतो. आमच्या ऑफिसात अशी पद्धत होती की डोंगराचं नाव धारेच्या बाजूने पसरून लिहायचं आणि अक्षरं जिथे येतील तिथे उंचीच्या रेषा तोडायच्या, म्हणजे नाव स्वच्छ वाचता येतं. सगळेच तोडतात, त्यात लबाडी नाही. नाव कुठे टाकायचं ते आरेखक ठरवतो. त्या शीटवर नाव खरं म्हणजे धारेच्या मधोमध यायचं होतं, कच्च्या कागदावर मी तिथेच आखलं होतं. सगळी शीट झाली, फक्त तो कडा राहिला. अठरा रेषा नखाएवढ्या जागेत घ्यायच्या होत्या. एकमेकीला चिकटल्या की शाईचा डाग होतो. झाला. ब्लेडने खरवडला, पुन्हा काढल्या, पुन्हा डाग. पुन्हा खरवडला. ज्या कापडावर शीट काढायची ते इतकं पातळ झालं की खालचं बोट दिसत होतं. तिसऱ्यांदा खरवडलं असतं तर भोक पडलं असतं आणि चार महिन्यांचं काम नव्याने करावं लागलं असतं. तो शुक्रवार होता. शनिवारी साहेब शीटा बघून मुख्य आरेखक कोण ते ठरवणार होते.

मी नाव पूर्वेला सरकवलं. त्या खरवडलेल्या जागेवर दोन अक्षरं बसवली. तपासणीसाने नावाची वेलांटी तपासली, उंचीचे आकडे तपासले, सगळं बरोबर होतं. अक्षरांच्या खाली काय आहे ते कोणी तपासत नाही. साहेब म्हणाले, इतकी स्वच्छ शीट या खात्यात झाली नाही. मी मुख्य आरेखक झालो.

त्यानंतर मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. एका पोराला नदी एक केसभर जाड काढली म्हणून मी सगळ्यांसमोर रडवलं आहे. झाकली मूठ होती, ती झाकून ठेवायला दुसऱ्यांच्या मुठी उघडत राहिलो. आणि मनाची समजूत अशी घातली की डोंगरात जाणारा माणूस डोंगराकडे बघतो, कागदाकडे थोडाच बघतो. मी स्वतः कधी कुठल्या डोंगरावर गेलेलो नाही. हेही आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी घरात बसून सगळे डोंगर काढले.

काजवालीला सांग, तिचं मोजणं बरोबर आहे.

पूर्वेकडून उतरू नकोस. सगळ्यांना घरी ठेव, नाहीतर खिंडीने जा, पण तिकडे नको.

दादा

२८ ऑक्टोबर

दादास,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी ते शिवणखोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तू माझं वहिनीसमोर वाचलंस ना, फिटंफाट. पण "अठरा रेषा मी खाल्ल्या" इथपर्यंत आले आणि पुढे वाचवेना. पुढचं कटरने वाचलं. इस्त्री थांबली होती. मग काजवाली म्हणाली, आपणही करतोच की, कापड कमी पडून जोड आला की त्यावर खिसा लावतो. खरं आहे, मीही लावते. पण माझ्या खिशाखाली दरी नसते, दादा. हात घातला तर फार तर शिवण लागते बोटाला.

आम्ही गेलो. खिंडीने गेलो आणि खिंडीने परत आलो. कटर जिन्यात थांबते तशी बावीस वेळा थांबली, पण पोचली. उतरताना काजवाली बसून, पाय पुढे टाकत, लहान मुलासारखी घसरत आली. साडेचार तास लागले. तुझ्या सांगण्याप्रमाणे जन्मात एकदा दुखला गुडघा. आता ती तो धरून बसली आहे आणि समुद्राकाठी जाईल ती लंगडतच.

खिडकी तिला सापडली नाही. खाली सगळं शहर पसरलं होतं आणि सगळ्या खिडक्या सारख्या. ती बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभी होती. मग म्हणाली, एकतीस वर्षं मी इकडे बघत होते, आणि इकडून मी दिसतच नव्हते. मला वाटलं आता रडेल. तिने डबा उघडला आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं.

आता तुझं. माथ्यावर पत्र्याची शेड टाकून एक चहावाला बसतो. आमच्या हातातला कागद बघितल्याबरोबर तो उठून पूर्वेकडच्या बाजूला जाऊन आडवा उभा राहिला. नमस्कार नाही, चहा नाही, पहिलं वाक्य, "हा कागद घेऊन इकडे यायचं नाही." तिथे त्याने काटक्या रोवून दोरी बांधली आहे. दोरी दर वाऱ्यात तुटते. कागदवाले लोक दोरी ओलांडून जातात म्हणाला, शिकलेले असतात ना. अकरा वर्षांपूर्वी एक शाळामास्तर तसाच गेला. मध्ये एका कपारीला अडकला, म्हणून जगला. आता खुर्चीवर असतो. चाकांच्या.

मग तो म्हणाला, "ज्याने हा काढला तो इथे कधी फिरकलाच नसणार. अक्षर बघा ना बाई. बसून काढलंय."

इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणत आले, पण हे मला सुचलं नव्हतं. बाकीच्या सहाजणी माझ्याकडे बघत होत्या. मला गप्प बसता आलं असतं. त्याही गप्प बसल्या असत्या. पण तुझ्यासारखं झाकायचं मला शिकवलेलं नाही. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे.

चहावाला काही वाईट बोलला नाही. त्याने फक्त विचारलं, चालता येतं का त्यांना? मी हो म्हटलं. रविवारी त्याला पाणी आणायला खाली जावं लागतं, दहापासून दोनपर्यंत तिथे कोणी नसतं आणि नेमकी तेव्हाच गर्दी असते. त्या वेळात तू दोरीपाशी उभा राहशील असं मी सांगून आले आहे. ऑफिसलाही लिही, सहीनिशी, आणि मोठ्या अक्षरात. पण ऑफिस छापेल तेव्हा छापेल, आणि जुने कागद लोकांच्या पिशव्यांत तसेच राहणार.

भिंगरी

३१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

ऑफिसला अर्ज दिला. पोच घेतली. तिथला आताचा मुख्य आरेखक म्हणजे तोच, नदीवाला पोरगा. त्याने अर्ज दोनदा वाचला, मला खुर्ची दिली आणि पंखा लावला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर येणार नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मला विचारल्याशिवाय मला कबूल करणं ही तुझी जुनीच सवय. आणि चहा उकळणाऱ्याने मला अक्षर कसं ओळखायचं ते शिकवू नये. डोंगरावर राखणदार ठेवणं हे सरकारचं काम आहे, निवृत्त माणसांचं नाही. एक दोरी नीट बांधता येत नाही त्याला, तर लोखंडी कठडा मागा म्हणावं. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप आहेत, तू एकाला आणखी वर चढवू नकोस.

तो मास्तर पडला तेव्हा किती वर्षांचा होता?

दादा

३ नोव्हेंबर

दादास,

बत्तीस.

सहाची पहिली बस. पुढच्या चौकातून सुटते, मागच्या नाही. बूट वहिनीला घ्यायला सांग, तू घेतलेस तर दिसायला चांगले घेशील.

भिंगरी

१७ नोव्हेंबर

प्रिय भिंगरीस,

काल जाऊन आलो. अक्षराकडे बघू नकोस.

सहाला निघालो, साडेदहाला वर पोचलो. वाटेत मला सगळ्यांनी मागे टाकलं. एका बाईने तर मूल कडेवर घेऊनसुद्धा मागे टाकलं. खिंडीत रेषा किती जवळ आहेत ते माझ्या छातीने मोजलं. कागदावर ती जागा मी एका दुपारी संपवली होती, मध्ये जेवूनसुद्धा आलो होतो. तुमच्या कटरला माझा निरोप सांग, बावीस वेळा थांबणं हे फार कमी झालं.

चहावाल्याला मी सांगितलं, मी तो. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, स्टूल दिलं आणि पाण्याचे डबे घेऊन निघून गेला. मी त्याच्याबद्दल जे जे लिहिलं होतं ते त्याच्या तोंडावर म्हणायची तयारी करून गेलो होतो. म्हणायला माणूस थांबला तर ना.

मग मी दोरी ओलांडून कड्यापाशी गेलो. शेवटचा भाग पोटावर पडून, कारण पाय पुढे जाईनात. गवत छान आहे तिथे. एकदम मऊ. कोणीही चालत जाईल. काठाशी पोचून खाली बघितलं आणि मला उलटी झाली. चाळीस वर्षं मी दोन सुरेख अक्षरांकडे बघून खूश होत आलो, आणि हे तिथे खाली होतं. त्या मास्तराला भेटायला जायचं आहे. काय बोलणार ते माहीत नाही. तू बरोबर येशील का? हे मी विचारतो आहे, कबूल करून टाकलेलं नाही.

दुपारी साधारण बारापर्यंत सगळे सरळ लोक आले. सांगितलं की वळले. मग एकजण आला. पन्नाशीचा, गळ्यात होकायंत्र, हातात काठी, मागे बायको. त्याच्या हातात माझी शीट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून आणलेली. मी म्हटलं, साहेब, इकडे कडा आहे, खिंडीने उतरा. तो हसला. बायकोला म्हणाला, बघितलंस, ज्यांना नकाशा बघता येत नाही ते लोकांना वाटा सांगतात. मला म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा. हा ज्याने काढलाय ना, त्याला काम येत होतं. अक्षर बघा एकेक. असा माणूस चुकत नाही."

भिंगरी, तुला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कड्यापासून वीस पावलांवर, उलटीची चव तोंडात असताना, मला बरं वाटलं. इतका मी हलकट आहे. दोन क्षण मी त्याला वाट दिली होती, माझी आडवी धरलेली काठी बाजूला घेतली होती. त्याची बायको पुढे निघालीसुद्धा.

मग मी तिचा हात धरला. परक्या बाईचा, असा गच्च. ती ओरडली, तो धावून आला, त्याने मला ढकललं. मी म्हटलं, मारा, पण आधी माझ्याबरोबर पोटावर पडून पंधरा पावलं या, फक्त पंधरा. तो मला वेडा समजला असणार, पण आला. बायकोसमोर घाबरलेला दिसायचं नव्हतं म्हणून आला, मी ओळखतो तसली माणसं. काठापाशी पोचलो आणि त्याने बघितलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही मुठींत गवत धरून तो पडून राहिला, होकायंत्र दगडावर टकटक वाजत होतं. मग म्हणाला, "कुठल्या गाढवाने काढलाय हा नकाशा?"

मी म्हटलं, "मी."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याला मागे सरकता येत नव्हतं, म्हणून मी त्याच्या कमरेचा पट्टा धरला आणि आम्ही दोघं उलटे सरपटत, टप्प्याटप्प्याने, दोरीपर्यंत आलो. तिथे पोचल्यावर तो बायकोजवळ गेला आणि तिला म्हणाला, यांना पाणी दे.

दादा